वाकलेल्या तरुण पाठी

आपली नात किंवा भाची नर्सिंगचे शिक्षण घेत असेल, तर सुटीत घरी येताच ती जमिनीवर सतरंजी टाकून आडवी होते, हे आपण पाहिले असेल. ‘विशीतच कंबर धरलीस, आमच्या वयाला काय करशील?’ असे घरात सहज बोलले जाते. वाचकहो, ही थट्टा करण्यापूर्वी तिचा दिवस कसा जातो ते जाणून घ्यावे.

बी.एस्सी. नर्सिंगचा अभ्यासक्रम ४ वर्षांचा. त्यातील मोठा भाग वॉर्डात उभ्याने जातो. चादरी बदलणे, अंग पुसून देणे, कुशीवर वळवणे, खुर्चीत बसवणे ही सारी कामे वाकूनच होतात. रुग्ण म्हणजे धान्याचे पोते नव्हे. त्याला धरायला कान नसतात, आणि घाबरून तो मध्येच अंग सोडून देतो. सर्व परिस्थिती अनुकूल असली, तरी रुग्ण हाताळताना एका व्यक्तीने सुमारे १६ किलोंपेक्षा अधिक भार पेलू नये, अशी मर्यादा अमेरिकेतील तज्ज्ञांनी सुचवली आहे. साठ किलो वजनाच्या माणसाचा नुसता एक पायच १० किलोंच्या आसपास भरतो! यावरून हिशेब करावा.

वाकल्यावर कण्याची तरफ होते. वजन शरीरापासून जितके दूर, तितका कमरेच्या मणक्यांमधील चकतीवर दाब अधिक. त्यातच कंबर पिळली गेली, की इजेची शक्यता वाढते.

दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्यांची गोष्ट निराळी. तिथे ओझे उचलायचे नसते, पण चार-पाच किलोंचे स्वतःचेच डोके तासन् तास पुढे झुकवून, एका बाजूला वळवून धरायचे असते. आरशातून दात पाहून मान सरळ ठेवण्याची पद्धत त्यांना शिकवली जाते. मात्र ठरलेल्या संख्येइतके रुग्ण पूर्ण करण्याची घाई असली, की दात दिसतो, स्वतःची मान दिसत नाही. हळूहळू खांदे पुढे येतात, पाठीला पोक येतो.

तरुणपणी हा बदल बहुधा स्नायूंचा असतो, हाडांचा नव्हे. विश्रांतीने, पाठ-पोटाच्या व्यायामाने तो बराच सुधारतो. परंतु शिक्षणाच्या वर्षांत जडलेली उभे राहण्याची, बसण्याची ढब पुढे नोकरीतही सोबत राहते. शरीर कसे वापरावे हा धडा नर्सिंगच्या पुस्तकात असतो. वॉर्डातील पलंग मात्र उंची न बदलणारा, आणि मदतीला दुसरे कोणी नाही. मग त्या मुलीने धड्याचे करावे तरी काय? माझ्या मते हा दोष विद्यार्थिनीच्या आळसाचा नसून व्यवस्थेचा आहे.

आता आपल्या घराकडे वळू. अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंना उचलणारी सून किंवा पतीला बसवणारी साठीची पत्नी हेच काम करते, तेही शिक्षणावाचून आणि इस्पितळाहून बुटक्या खाटेवर. शक्य असल्यास खाटेच्या पायांखाली भक्कम, न हलणारे ठोकळे बसवून घ्यावेत. मात्र रुग्ण स्वतः उठबस करत असेल, तर त्याचे पाय जमिनीला टेकलेच पाहिजेत. सरकवताना अंगाखाली दुहेरी चादर घालून दोघांनी दोन्हीकडून ओढावी. आपले गुडघे वाकवावेत, कंबर नव्हे. वळायचे तर पावलांनी वळावे. रुग्णाला आपल्या गळ्यात हात टाकू देऊ नये. त्याच्या काखेत हात घालून उचलूही नये, त्याने त्याचा खांदा दुखावतो.

आणि आपण स्वतः रुग्ण असाल, तर गुडघे दुमडून टाचा रोवण्याइतकी मदतही मोलाची ठरते. उचलण्याआधी ‘एक, दोन, तीन’ म्हणायला सांगावे. सिस्टरने पलंग वर घेण्यासाठी दोन मिनिटे मागितली, तर ती द्यावीत.

कंबरपट्ट्याविषयी पुष्कळ जण विचारतात. तो बांधल्याने जड उचलण्याचा परवाना मिळत नाही. दुखणे पायात उतरून मुंग्या किंवा बधिरपणा आला, तर डॉक्टरांना दाखवावे. पायातील शक्ती जाणे, लघवी अडणे वा नकळत होणे, जांघेपाशी संवेदना हरपणे यांपैकी काहीही आढळले, तर त्याच दिवशी इस्पितळ गाठावे. मग रुग्ण नात असो वा आजी.