वीज सभासदांची, निवड कुणाची?

सभासदांच्या मालकीच्या वीजसंस्थेत प्रत्येकाला एक मत असते. मात्र, उमेदवारी कोण ठरवितो यावरच त्या मताचे मोल अवलंबून असते. अमेरिकेतील टेक्सास राज्यात १९३८ मध्ये स्थापन झालेल्या 'पेडर्नालेस इलेक्ट्रिक को-ऑपरेटिव्ह'चा अनुभव हेच सांगतो. तेथे संचालक मंडळाने नेमलेली समिती उमेदवार निश्चित करीत असे. त्यामुळे मताधिकार असूनही सभासदांपुढे पर्याय उरत नसे. या कारभाराविरुद्ध २००७ मध्ये सभासदांनी न्यायालयात धाव घेतली आणि २००८ मध्ये निवडणूक खुली झाली.

महाराष्ट्रात श्रीरामपूरच्या मुळा-प्रवरा सहकारी संस्थेने अनेक वर्षे वीजवितरण केले. २०११ मध्ये ते काम महावितरणकडे गेले. सहकार कायद्यातील २०१३ च्या दुरुस्तीनंतर राज्यातील सहकारी संस्थांच्या निवडणुकांसाठी स्वतंत्र प्राधिकरण आले. मतदानाच्या निष्पक्षतेसाठी ही तरतूद महत्त्वाची आहे. परंतु उमेदवारच एक असेल, तर प्राधिकरण तरी काय करणार? आपल्याकडे 'बिनविरोध' निवडीचे कौतुक होते. दर, थकबाकी आणि खर्चाचा जाब विचारण्याची सभासदाची हक्काची संधी त्यातच हिरावली जाते, हे पेडर्नालेसच्या उदाहरणातून ध्यानात घ्यायला हवे.