वणवा विझल्यानंतरचे शब्द

मराठी साहित्यात वणवा वारंवार पेटतो. विझल्यावर त्या जमिनीकडे फारसे कुणी वळून पाहत नाही. क्रांती, वासना, विरह अशा कशाचेही रूपक म्हणून तो आम्ही वर्गात शिकवतो, आणि जळालेल्या डोंगराला ‘ओसाड’ म्हणून मोकळे होतो. हे विशेषण निरुपद्रवी नाही, असे आमचे म्हणणे आहे. जे ओसाड, तेथे काहीतरी लावलेच पाहिजे, हा निष्कर्ष त्याच्या पोटातच असतो. मग पावसाळ्याच्या तोंडावर राष्ट्रीय सेवा योजनेतील मुलांच्या हाती कुदळी येतात आणि उतारावर खड्डे पडू लागतात.

सह्याद्रीतले वणवे बहुतांशी माणसाने लावलेले. जाळले की पुढचे गवत चांगले येते ही जुनी समजूत, नाहीतर फेकलेली विडी. वाळल्या गवताची ही आग पुष्कळदा वरवरून जाते. गवताचे ठोंब, करवंदीची आणि पळसाची मुळे खाली शाबूत राहून पुन्हा फुटतात. मरतात ती कोवळी रोपे, आणि दरसाल वणवा आला की दरसाल मरतात. खरा धोका पहिल्या सरींचा. आच्छादन गेलेल्या उतारावरून राखेबरोबर मातीही ओढ्याला लागते. अशा वेळी खड्डे खणणे म्हणजे उरलीसुरली माती सैल करून देणे. उतारावर आडवे दगड, काटेरी फांद्या रचाव्यात, दोन-तीन वर्षे गुरे दूर ठेवावीत, पुढच्या उन्हाळ्याआधी जाळरेषा काढावी. हिवरे बाजारने चराईबंदी पाळून गवत कापून नेण्याची रीत घालून दिलीच आहे.

अमेरिकेतील यलोस्टोन उद्यानाचा सुमारे ३६ टक्के भाग १९८८ साली आगीच्या तडाख्यात सापडला. तेथील लॉजपोल पाइनची राळेने मिटलेली फळे उष्णतेने उघडली आणि लागवडीवाचून जंगल उगवले. अर्थात तेथे असा वणवा शतकांच्या अंतराने येतो. तुलना येथेच थांबवलेली बरी.

आपल्याकडे पुण्याच्या टेकड्यांवर गिरिपुष्प आणि कोकणात ऑस्ट्रेलियन बाभूळ लावली गेली. छायाचित्रात हिरवे दिसते. उघड्या गवतात घरटे करणाऱ्या चंडोलाला मात्र त्या हिरवाईत जागा नसते.

येत्या पावसाळ्यात मुलांनी कुदळीऐवजी वही घेऊन जळालेल्या उतारावर जावे. कोणते खोड कोठून फुटले ते टिपावे, आणि एखाद्या जाणत्या धनगराला त्या फुटव्यांची नावे विचारावीत. त्यांतली कितीतरी आमच्या शब्दकोशांत सापडणार नाहीत.