तोफांचं निमित्त

सिंगापूर का पडलं, असं विचारलं की दुसऱ्या महायुद्धावरची चार पुस्तकं वाचलेला माणूसही हमखास एकच उत्तर देतो. इंग्रजांच्या तोफा समुद्राकडे तोंड करून बसल्या होत्या आणि जपानी मागून, जमिनीवरून आले. या उत्तराची मोठी सोय अशी की त्यात माणसं सुटतात आणि लोखंड अडकतं.

पंधरा इंची तोफा होत्या पाच. तीन चांगीजवळच्या जोहोर बॅटरीत, दोन बुओना व्हिस्टाला. बुओना व्हिस्टाच्या उत्तरेकडे वळत नव्हत्या, हे खरं. पण जोहोर बॅटरीच्या वळत होत्या, वळल्या आणि धडधडल्याही. अडलं ते गोळ्यांपाशी. कोठारात भरलेला माल बहुतेक जहाजाचं पोलाद फोडण्यासाठीचा होता. असा गोळा रबराच्या मळ्यात पडला की जमिनीत खोल रुतायचा आणि दहा पावलांवरच्या जपानी शिपायाच्या अंगावर फार तर चिखल उडायचा. पायदळावर टाकायचे स्फोटक गोळे मोजकेच होते. तेव्हा दोष तोफेच्या तोंडाचा नव्हता. शत्रू समुद्रातूनच येणार आणि आपलं आरमार तोवर विलायतेहून धावून येणार, असं लंडनमध्ये बसून ठरवणाऱ्यांचा तो होता. आरमाराच्या नावानं आलेली ‘प्रिन्स ऑफ वेल्स’ आणि ‘रिपल्स’ ही जहाजं १० डिसेंबर १९४१ रोजी क्वांतानच्या समुद्रात जपानी विमानांनी बुडवली. मलायाच्या बचावासाठी ३३६ विमानं हवीत असा हिशेब इंग्रज सेनाप्रमुखांनीच मांडला होता. लढाई पेटली तेव्हा हाताशी त्याच्या निम्मीही नव्हती. रणगाडा तर अख्ख्या मलायात इंग्रजांकडे एकही नव्हता.

दुसरं उत्तर याहून विषारी आहे, कारण त्यात लोखंडाऐवजी आपली माणसं अडकतात. हिंदी पलटणींनी कच खाल्ली, आतून पोखरल्या गेल्या होत्या, म्हणून मलाया गेला असं सांगणारे तेव्हाही होते, आजही आहेत. त्यांनी स्लिम नदीची एक रात्र नीट वाचावी.

७ जानेवारी १९४२ची पहाट. हमरस्ता, दोन्ही बाजूंना रबर आणि रान, वर चांदणं. तीसएक जपानी रणगाडे एकामागून एक सरळ रस्त्यानं आत घुसले. आधी चौथी हैदराबाद, मग पाचवी पंजाब. त्यापुढे जे होते त्यांना मागचे मोडले याची खबरही नव्हती, कारण दळणवळणाच्या तारा तुटलेल्या. गुरखा पलटण रस्त्यानं कूच करत असताना रणगाडे पाठीमागून तिच्यावर आले. रणगाडाविरोधी तोफा आणि सुरुंग हाताच्या बोटांवर मोजण्याइतके लावलेले. सकाळ उजाडून ऊन वर येईतो बारावी आणि अठ्ठाविसावी या दोन ब्रिगेडींचा चुराडा झाला आणि क्वालालंपूरचा रस्ता मोकळा झाला. आता मुद्द्याचं. बाराव्या ब्रिगेडमध्ये आर्गाइल हायलँडर्स ही नावाजलेली स्कॉटिश पलटणही होती, आणि तीही त्याच सकाळी त्याच रस्त्यावर मोडली. रणगाड्यापुढे कातडीचा रंग टिकत नाही. त्यानंतर आठवड्याभरात मुआरला जी पंचेचाळिसावी हिंदी ब्रिगेड उभी केली, तिच्यात कालपरवा भरती झालेली पोरं होती आणि त्यांना तयार केलं होतं मध्यपूर्वेच्या वाळवंटासाठी. त्यांना खारफुटीत नेऊन सोडलं. यात फितुरी कुठे आहे ते मला दिसत नाही.

८ फेब्रुवारीच्या रात्री जपानी सामुद्रधुनी ओलांडून आले ते वायव्येकडून. सेनापती पर्सिव्हल यांचा होरा होता ईशान्येचा. ताज्या दमाची अठरावी ब्रिटिश डिव्हिजन त्यांनी तिकडेच ठेवली होती. पुढचा आठवडा म्हणजे मागे सरकत जाणं. १५ फेब्रुवारीला बुकिट तिमाच्या फोर्ड कारखान्यात पर्सिव्हल यांनी जपानी सेनापती यामाशितापुढे शरणागतीवर सही केली. इतिहासाची पुस्तकं इथे प्रकरण संपवतात. माझं भांडण नेमकं याच पूर्णविरामाशी आहे.

कारण खरं वळण दोन दिवसांनी आलं, आणि ते लिटिल इंडियाच्या कडेला आलं.

सिंगापूरला जाणारा मराठी पर्यटक मुस्तफा सेंटरला गेल्याशिवाय परतत नाही. टायगर बामच्या डब्या, अत्तरं, चॉकलेटं, मग सेरंगून रोडवर कोमला विलासमध्ये डोसा. मुस्तफापासून जवळच फॅरर पार्क आहे. मेट्रोच्या स्थानकालाही तेच नाव. घोड्यांच्या शर्यती इथून १९३३ साली बुकिट तिमाला हलल्या; शेजारच्या रस्त्याचं नाव मात्र अजून रेस कोर्स रोडच आहे. सहल कंपनीच्या कार्यक्रमपत्रिकेत या मैदानाला जागा नसते. अख्ख्या दक्षिण-पूर्व आशियात हिंदुस्थानच्या राजकारणाशी इतकी थेट जोडलेली जागा क्वचितच सापडेल. पण बामच्या डब्यांपुढे इतिहासाचं काय चालणार!

१७ फेब्रुवारीला या मैदानावर सुमारे चाळीस-पंचेचाळीस हजार हिंदी सैनिक गोळा केले गेले. त्यांचे गोरे अधिकारी त्यांच्याबरोबर नव्हते. जपान्यांच्या हुकमानं ते वेगळे काढून चांगीकडे रवाना झाले होते. इंग्रज सरकारतर्फे लेफ्टनंट कर्नल हंट पुढे आला आणि त्यानं या सगळ्यांना जपान्यांच्या हवाली केलं. आमचे हुकूम मानलेत तसे आता यांचे माना, या आशयाचं तो बोलला, असं तिथे हजर असलेल्या हिंदी अधिकाऱ्यांनी पुढे सांगितलं. मग मेजर फुजिवारा जपानीत बोलला. त्याचं इंग्रजी झालं, इंग्रजीचं हिंदुस्थानी झालं. शेवटी हिंदी पलटणीतले कॅप्टन मोहन सिंग उभे राहिले आणि आझाद हिंद फौजेची हाक दिली.

साम्राज्याची सारी मदार ‘मीठ खाल्लं’ या एका भावनेवर होती. ती कुणा क्रांतिकारकाच्या पत्रकानं तोडली नाही. जेवू घालणाऱ्यानंच भर मैदानात ‘आजपासून तुम्ही यांचे’ असं सांगून तोडली. लढाईत हरणं शिपाई समजू शकतो. हस्तांतरण ही वेगळी गोष्ट आहे. सातबाऱ्यावरचं नाव बदलावं तशी माणसं बदलली.

इथवर मान डोलावणारे काही वाचक आता माझ्यावर उलटतील, कारण पुढचं खंडन आपल्याच घरातलं आहे. आझाद हिंद फौजेनंच स्वातंत्र्य मिळवलं, असं आपल्याकडे छातीठोकपणे बोललं जातं. रणांगणाचा हिशेब तसं म्हणू देत नाही. मैदानावरच्या सगळ्यांनी हाक मानली नाही. निम्म्याहून अधिक बाजूला राहिले, आणि त्यांतल्या हजारोंना जपान्यांनी न्यू गिनीकडे मजुरीला नेलं, जिथून फार थोडे परतले. खुद्द मोहन सिंगांचं डिसेंबर १९४२मध्ये जपान्यांशी फाटलं आणि ते अटकेत गेले. सुभाषबाबू जुलै १९४३मध्ये सिंगापूरला आले, २१ ऑक्टोबरला कॅथे इमारतीत हंगामी सरकार जाहीर झालं, आणि दुसऱ्याच दिवशी वॉटर्लू स्ट्रीटवर राणी झाशी रेजिमेंटची छावणी उघडली. रबराच्या मळ्यांतल्या तमिळ मुलींनी तांब्यांच्या मनूचं नाव खांद्यावर घेतलं, याचं मला आजही अप्रूप वाटतं. पण इंफाळची मोहीम फसली ती फसलीच.

त्या मोहिमेत मराठी माणूस कुठे होता? दोन्हीकडे. मार्च १९४४मध्ये मणिपुरातल्या सांगशाकच्या टेकडीवर मराठा लाइट इन्फन्ट्रीची चौथी बटालियन छत्री ब्रिगेडबरोबर जपान्यांना अडवून उभी होती. पाण्याचे हाल, मेलेली खेचरं, हातघाईची झुंज. तिथे गेलेल्या दिवसांमुळे जपान्यांना कोहिमाला पोचायला उशीर झाला. आणि पलीकडच्या फौजेत लष्करी कारभाराच्या अगदी वरच्या पदावर होते सावंतवाडी भागातले जगन्नाथराव कृष्णराव भोसले. सँडहर्स्टमध्ये शिकलेले, मूळ मराठा रेजिमेंटचे, हंगामी सरकारातही सामील. यांतला गद्दार कोण, हे ठरवण्याची खुमखुमी ज्यांना असेल त्यांनी खुशाल ठरवावं. १९५२मध्ये रत्नागिरीच्या मतदारांना तो प्रश्न पडला नाही. त्यांनी भोसल्यांना लोकसभेत पाठवलं. आणि सांगशाकच्या मराठ्यांची रेजिमेंट स्वतंत्र भारतानं अभिमानानं पुढे चालवली.

‘जपान्यांचं बाहुलं’ म्हणून फौजेला झटकून टाकणाऱ्यांचं निम्मं खरं आहे. सिंगापुरातल्या चिनी लोकांची जपान्यांनी कत्तल केली, मलायाच्या तमिळ मजुरांना सयाम-ब्रह्मदेशाच्या रेल्वेवर नेऊन मारलं. अशा सोबत्याबरोबर उभं राहण्याचा डाग पुसता येत नाही आणि पुसूही नये. पण बाहुलं म्हटल्यानं मैदानावर तुटलेलं नातं सांधलं जात नाही.

हिंदी सेना तरी शेवटपर्यंत इमानी राहिली, वीस-पंचवीस लाख लोक खुशीनं भरती झाले, हा या साऱ्यावरचा सर्वांत जड आक्षेप. खरा आहे. पण इमान कशाशी होतं? पगाराशी, पलटणीशी, शेजारी झोपणाऱ्या गाववाल्याशी. राजाशी किती उरलं होतं, हे लढाई संपल्यावर दिसलं. आणि साम्राज्याला ते आधीच कळलं होतं. सिंगापूर पडून महिना व्हायच्या आत, ११ मार्च १९४२ला चर्चिलनं आपले मंत्री क्रिप्स यांना स्वराज्याच्या वाटाघाटीसाठी हिंदुस्थानात पाठवण्याची घोषणा केली. जो माणूस स्वराज्याचं नाव काढलं की फुरफुरत असे, त्यानं. क्रिप्स रिकाम्या हातानं परतले आणि ८ ऑगस्टला मुंबईच्या गवालिया टँकवर ‘चले जाव’ झालं. मिडवे, स्टालिनग्राड, अल अलामीन ही वळणं जपान आणि जर्मनीचा पराभव कुठून सुरू झाला ते दाखवतात. इंग्रजी साम्राज्याचा पराभव त्या यादीत नाही, कारण यादी जेत्यांनी केली. जिंकत असतानाच इंग्रज हरत होते.

सप्टेंबर १९४५मध्ये इंग्रज सिंगापूरला परतले आणि सुभाषबाबूंनी एस्प्लनेडवर उभारलेलं फौजेचं स्मारक त्यांनी सुरुंग लावून उडवलं. लाल किल्ल्यात फौजेच्या अधिकाऱ्यांवर खटले भरले. मुंबईचे भुलाभाई देसाई बचावाला उभे राहिले. शहानवाज, सहगल, धिल्लाँ या तिघांना जन्मठेप झाली आणि सरसेनापती ऑकिनलेकनं जानेवारी १९४६मध्ये ती स्वतःच माफ केली. लष्कर हातचं जाईल या धास्तीनं माफ केली; दयेचा तिथे संबंध नव्हता. तरी पुढचं टळलं नाही. १८ फेब्रुवारी १९४६ला, फॅरर पार्कला चार वर्षं आणि एक दिवस झाला असताना, मुंबईत ‘तलवार’ या नौदल केंद्रावरच्या नाविकांनी बंड पुकारलं. त्यांच्या मागण्यांत फौजेच्या कैद्यांची सुटका होती. नौदलाच्या कॅसल बरॅक्सभोवती आधी मराठा शिपाई उभे केले होते. सरकारला मग तिथे गोरी पलटण आणावी लागली.