पाऊण तासाचे जुने गोवे

नांदेड-लातूरहून गोव्यास निघणाऱ्या आमच्या सहलींचे वेळापत्रक एकदा नीट वाचून पाहावे. सकाळी जुने गोवे, दुपारी कळंगुट, सायंकाळी मांडवीतली नौका. रात्रभर बसमध्ये अवघडलेली कुटुंबे बॉम जेझू बॅसिलिकेसमोर उतरतात, संत फ्रान्सिस झेवियर यांच्या शवपेटीकडे पाहून हात जोडतात, छायाचित्र काढतात आणि शिट्टी वाजताच पुन्हा बसमध्ये! यास यात्रा म्हणावयास आम्ही तयार नाही.

रजा थोडी, पैसा त्याहून थोडा, हे आम्हांस ठाऊक आहे. पण मग समुद्राला अख्खी दुपार कोठून मिळते? पंजाबातला साधा शेतकरी आमच्या नांदेडला येतो. १७०८ साली गुरू गोविंदसिंगांनी जेथे देह ठेवला, तेथे तो मुक्काम करतो, लंगरात भांडी घासतो. हे आमच्या दाराशी घडते, आणि आम्ही काहीच शिकत नाही.

बॅसिलिकेसमोरची टेकडी चढून जाण्यास दहा-पंधरा मिनिटे पुरतात. वर ऑगस्टिनियनांच्या मंदिराचा मनोरा उभा आहे, सुमारे ४६ मीटर उंच, अर्धा ढासळलेला. मंदिराचे छत १८४२ साली कोसळले. पुढच्याच वर्षी राजधानीचा मान पणजीस गेला. साथींनी ओस पाडलेल्या त्या नगरीत आज रस्त्यांच्या जागी माड आहेत.

याच नगरीत १५६० पासून १८१२ पर्यंत, मधली काही वर्षे वगळता, इन्क्विझिशनचे न्यायालय बसले. १६८४ च्या फर्मानाने इथल्या लोकांच्या भाषेवर घाला घातला. आमच्या मुलांना हे कधीतरी कॉलेजात कोणी तरी तोंडावर फेकणारच; ते आधी आईबापांच्या तोंडून का कळू नये? आणि त्याच गोव्यात १५७९ साली उतरलेल्या फादर स्टीफन्स या इंग्रज येशूसंघीयाने मराठी ओवीत ‘ख्रिस्तपुराण’ रचले, ते १६१६ साली राशोलला छापले गेले, हे तरी आमच्यापैकी किती घरांत सांगितले जाते? मराठीत प्रार्थना करणाऱ्यांनी शवपेटीपाशी थांबावे आणि या ग्रंथाचे नावही न घेता परतावे, याची आम्हांस लाज वाटते.

पुढील सहल ठरविणाऱ्यांस आमचे सांगणे एवढेच: जुन्या गोव्यात एक मुक्काम करावा, सकाळची मिस्सा तेथेच ऐकावी, टेकडी पायी चढावी, आणि दुसऱ्या दिवशी राशोल. कळंगुट गाळावे. मुले रुसतील, रुसू द्यावीत.