काळ्या रानात मागची चाकं

जुनी जर्मन सेडान घेतली असं सांगितलं की आमच्याकडं पहिला प्रश्न किमतीचा येतो आणि दुसरा पावसाळ्याचा. "मागच्या चाकाची हाय ना? मग रानात कशी न्यायलाव? रानाला बोलेरोच पाहिजे," हे वाक्य लातूरच्या गंजगोलाईपासून नांदेडच्या वजिराबादपर्यंत मी ऐकलेलं आहे. मला ते कधीच पटलं नाही. साधी बोलेरो मागच्या चाकांवरच चालते. ट्रॅक्सही तशीच. आणि ज्याच्या जिवावर सगळी शेती उभी आहे, तो ट्रॅक्टर बहुतेकांच्या दारात मागच्या दोन चाकांचाच असतो.

लातूर आणि नांदेड या दोन जिल्ह्यांनी राज्याला चार मुख्यमंत्री दिले: शंकरराव चव्हाण, शिवाजीराव पाटील निलंगेकर, विलासराव देशमुख आणि अशोक चव्हाण. त्यांच्या काळात तालुक्याच्या गावी सरकारी गाडी आली म्हणजे ती बहुधा अॅम्बॅसिडर असायची. तिलाही जोर मागच्या चाकांचाच. २०१४ साली तिचं उत्पादन थांबलं, आणि मागच्या चाकाची सेडान आपल्याकडं महागड्या गाड्यांपुरतीच उरली. ऑक्टोबर २०१० मध्ये तेव्हाच्या औरंगाबादच्या उद्योजक-व्यावसायिकांनी एकत्र येऊन एकाच वेळी दीडशे मर्सिडीज घेतल्या, ती बातमी देशभर गाजली. त्या कंपनीच्या सी, ई आणि एस या सेडान तेव्हा भारतात मागच्या चाकांवरच चालायच्या. अशा गाड्या दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडं यायला लागल्यावर एमएच-२४ (लातूर) आणि एमएच-२६ (नांदेड) च्या भागात, नव्या मध्यम गाडीच्या पैशात, ज्याला मनापासून गाडी आवडते अशा माणसाला ती घेता येऊ लागली. यात मला दिखावा दिसत नाही. चांगल्या यंत्राची ओढ आहे, आणि ती ओढ मला मोलाची वाटते.

आता मातीकडं येऊ. ही बेसाल्ट झिजून झालेली काळी, भारी जमीन. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पाणी मिळालं की तीच माती फुगते. वापसा येईपर्यंत शेतकरी स्वतः तिच्यात औत घालत नाही. मुरूम न टाकलेल्या पांदणीवर गाडी दहा पावलं गेली की टायरच्या खाचा भरतात, नक्षी दिसेनाशी होते आणि टायर गुळगुळीत होऊन बसतो. मग माती चाकावरच्या कमानीत चढते, तिथं दाबून बसते, आणि दुसऱ्या दिवशीच्या उन्हात एवढी वाळते की ती काढायला खुरपं घ्यावं लागतं. सगळ्यात धोक्याचा मुसळधार पाऊस नसतो, पहिली भुरभुर असते. वरचं बोटभर ओलं, खाली टणक. त्यावर माणूस अनवाणी उभा राहत नाही.

माझा मावसभाऊ माँट्रियलला असतो. त्याच्याकडं १ डिसेंबर ते १५ मार्च हिवाळी टायर लावणं कायद्यानं सक्तीचं आहे. साधारण सात अंशांच्या खाली साध्या टायरचं रबर कडक होतं, हिवाळी टायरचं मऊ राहतं. तोही मागच्या चाकाची जुनी सेडान चालवतो आणि डिकीत, मागच्या आसाच्या वर, वाळूची पोती ठेवतो. त्याचं सांगणं असं की कडाक्याच्या थंडीतल्या बर्फापेक्षा शून्याच्या आसपासचा ओलसर बर्फ जास्त निसरडा. आमच्या भुरभुरीची गोष्ट वेगळी नाही. आणि पोत्यांचं म्हणाल तर आमचे ट्रॅक्टरवाले नांगरटीच्या आधी मागच्या टायरमध्ये पाणी भरून घेतात, वजनासाठीच. पुढच्या चाकांच्या गाडीत इंजिनाचं वजन आपोआप ओढणाऱ्या चाकांवर पडतं. मागच्या चाकांच्या गाडीत ते आपल्याला द्यावं लागतं. मामाच्या शेताकडं जाताना मी मागं दोन माणसं बसवतो आणि डिकीत खताची पोती टाकतो. काम होतं.

अहमदपूरच्या पुढं, महामार्ग सोडून आत गेल्यावर, मागच्या जुलैत गाडी रुतली. तूर-सोयाबीनचं रान, दोन्हीकडं बांध. जवळच औषध फवारत असलेला एक शेतकरी पंप खाली ठेवून आला. चाकाशी उकिडवा बसला, बोटानं माती दाबून पाहिली आणि म्हणाला, "दादा, रेस नका देऊ. चाक जितकं फिरायलंय तितका खड्डा करायलंय." बांधावरच्या वाळलेल्या तुराट्या त्यानं ओढून आणल्या, मोडून मागच्या दोन्ही चाकांसमोर आडव्या रचल्या आणि टायरची थोडी हवा सोडायला लावली. माझ्या जुन्या मर्सिडीजमध्ये गियरच्या दांड्याशी 'एस' आणि 'डब्ल्यू' अशी एक कळ असते. डब्ल्यू म्हणजे हिवाळा. ती दाबली की गाडी पहिल्याऐवजी दुसऱ्या गियरवर उचलते, चाकावरचा जोर कमी होतो आणि चाक फिरून जात नाही. युरोपातल्या बर्फासाठी केलेली ती कळ मी तिथं दाबली. चाक घसरलं की इंजिनाचा जोर तोडणारी यंत्रणा बंद केली, कारण खोल चिखलात ती चाकाला फिरूच देत नाही. तुराट्या कडकडल्या आणि गाडी हलली. ट्रॅक्टर बोलवावा लागला नाही, टोचन करावं लागलं नाही.

त्या माणसानं अशी गाडी कधी चालवलेली नसेल. तरी त्याला जे कळत होतं ते कुठल्या पुस्तिकेतून मला मिळालं नव्हतं. पायाखालच्या मातीची जाण त्याच्याकडं आहे. नव्या गाड्यांबद्दल बोलणारे आपण ती जाण जमेत धरत नाही, याचं मला वाईट वाटतं.

खरा घात मात्र पांदणीत होत नाही, डांबरावर होतो. तुळजापूरहून लातूर, अहमदपूर, लोहा करत नांदेडकडं जाणारा ३६१ क्रमांकाचा महामार्ग आता चांगला आहे, वेग आपसूक वाढतो. सोयाबीन काढणीच्या दिवसांत शेतातून निघालेले ट्रॅक्टर चाकांची माती रस्त्यावर टाकत जातात. त्यावर सर आली की वळणावर मागचं अंग सुटतं. अशा वेळी ब्रेक दाबायचा नाही. पाय हलकेच काढायचा, मागचं अंग जिकडं सरकतंय तिकडंच स्टेअरिंग फिरवायचं आणि थांबून राहायचं. १९९५ साली मर्सिडीजच्या एस क्लासमध्ये बॉशनं बनवलेली ईएसपी आली तेव्हापासून गाडी हे स्वतःही करते, एकेका चाकाला वेगळा ब्रेक लावून. पण टायरच झिजलेला असेल तर ती तरी कशाच्या आधारानं करणार?

म्हणून जुनी गाडी बघायला जाल तेव्हा रंग, कातडी सीटा, पडदा हे सगळं नंतर बघा. आधी गुडघ्यावर बसा आणि टायरच्या कडेवरचे चार आकडे वाचा. २३२१ असेल तर तो २०२१ च्या तेविसाव्या आठवड्यातला टायर. चारही टायर एका जातीचे आहेत का बघा. विकणारे पुष्कळदा मागं स्वस्तातला जोड घालून देतात आणि आपल्याला जोर तिथंच हवा असतो. पॉलिशचे पैसे वाचवून ते टायरला घाला. आणि डिकीचं झाकण उचलून खाली हात घाला. पंक्चर झाल्यावरही काही अंतर चालणारे टायर बसवलेल्या बऱ्याच गाड्यांत स्टेपनी दिलेलीच नसते, आणि मुखेड-कंधारकडच्या एखाद्या पंक्चरवाल्याकडं तसला टायर मिळेल अशी आशा धरू नका. स्टेपनी नसेल तर मिरगाच्या आधी घेऊन ठेवा.