राउटरची किल्ली आपल्याकडे हवी

मैत्रिणींनो, गॅसची नळी तपासणाऱ्या, शिलाई मशीन उघडून तेल घालणाऱ्या आपण, राउटर म्हटलं की मात्र "ते यांचं काम" म्हणून बाजूला होतो. मीही तशीच होते.

गेल्या महिन्यात आमच्या जळोचीच्या घरी फायबरची जोडणी आली. जोडणाऱ्या मुलानं टीव्हीमागे राउटर बसवला, ह्यांच्या मोबाइलवर इंटरनेट सुरू करून दाखवलं आणि तो गेला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लेक आतल्या खोलीतल्या जुन्या कॉम्प्युटरवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला बसली, तर काही लागेना. मुदत त्याच रात्रीपर्यंत! हे फिरतीवर. त्या मुलाला फोन केला, तर "वहिनी, परवा येतो." सासूबाई म्हणाल्या, "अगं, मशीन उघडतेस, मग हे का नाही?"

मग मी क्रमानं पाहत गेले. तो क्रम तुम्हीही लिहून ठेवा.

आधी राउटरचे दिवे पाहा. 'एलओएस'चा दिवा लाल असेल, तर फायबरमधून प्रकाशच येत नाही. तिथे कंपनीलाच बोलवावं. आमचा लाल नव्हता. मग कॉम्प्युटर पाहा. जुन्या डेस्कटॉपमध्ये पुष्कळदा वायफाय नसतंच. म्हणून राउटरच्या 'लॅन' लिहिलेल्या खोबणीतून त्याला केबल जोडली. तरी नाही! शेवटी नेटवर्कच्या सेटिंगमध्ये दोष सापडला. आधीच्या जोडणीसाठी कोणीतरी तिथे आयपी पत्ता हातानं भरून ठेवला होता. खरं तर राउटर घरातल्या प्रत्येक यंत्राला असा पत्ता स्वतःच देतो. 'पत्ता आपोआप घ्या' हा पर्याय निवडला आणि मिनिटभरात इंटरनेट सुरू! साडेनऊला अर्ज गेला, तेव्हा कुठे घास घशाखाली उतरला.

दुसऱ्या दिवशी बाकीची कामं उरकली, तीही सांगते. पासवर्ड दोन असतात: एक वायफायचा, दुसरा राउटरच्या सेटिंगचा. दोन्ही राउटरच्या चिकटपट्टीवर छापलेले असतात, म्हणजे येणारा-जाणारा कोणीही वाचणार. ते बदला. सेटिंगच्या पानाचा पत्ताही तिथेच असतो, बहुधा १९२.१६८.१.१. सुरक्षेसाठी डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३ निवडा. नवे पासवर्ड गॅसच्या पुस्तकाशेजारच्या वहीत लिहून ठेवा.

राउटर टीव्हीमागे किंवा लोखंडी कपाटात नको. घराच्या मध्यावर, उंच आणि मोकळ्या जागी हवा. ५ गिगाहर्ट्झचं वायफाय वेगवान, पण भिंतींपुढे लवकर दमतं. लांबच्या खोलीत २.४चं बरं.

आणि एक सांभाळा. मागच्या बारीक भोकात उगाच टाचणी घालू नका. त्यानं सगळ्या सेटिंग पुसल्या जातात, कधी कंपनीनं भरलेली माहितीसुद्धा.

आता ह्यांनाच पासवर्ड लागला, की ते माझ्याकडे मागतात!