तडा कोणता जोडावा, कोणता नाही

पंधरा वर्षे उलटलेल्या मोटारीचे इंजिन अनेकदा ठणठणीत असते. आधी मान टाकते ते प्लास्टिक. नांदेड आणि लातूरच्या रस्त्यांवर एमएच-२६ आणि एमएच-२४ च्या पाट्या लावलेल्या मारुती ८००, ओम्नी, इंडिका आजही धावताना दिसतात. मारुती ८०० चे उत्पादन २०१४ मध्ये थांबले, इंडिकाचे २०१८ मध्ये आणि ओम्नीचे २०१९ मध्ये. १ एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरच्या खासगी मोटारीची नोंदणी नव्याने करून घेण्याचे शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाले, तरी नव्या गाडीच्या हप्त्यापुढे ते परवडते. त्यामुळे तडकलेला बंपर, चिरलेला डॅशबोर्ड, तुटलेली जाळी जोडून घेण्याकडे लोकांचा कल असतो. हा कल योग्यच आहे. मात्र सगळे तडे सारखे नसतात, आणि जोडणीचा खरा खर्च फक्त गॅरेजच्या बिलात दिसत नाही.

अ‍ॅम्बेसेडर आणि पद्मिनीचे बंपर पोलादी होते. ठोकून सरळ केले की झाले. प्लास्टिकचे तसे नाही. प्लास्टिक म्हणजे रेणूंच्या लांबलचक साखळ्यांचा गुंता. उन्हातील अतिनील किरण या साखळ्या तोडतात आणि हवेतला प्राणवायू तुटलेल्या टोकांशी संयोग पावतो. साखळ्या आखूड होत गेल्या की लवचीकपणा जातो आणि भाग ठिसूळ होतो. मराठवाड्यात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. अशा दिवशी बंद करून उन्हात उभ्या ठेवलेल्या गाडीच्या डॅशबोर्डचा पृष्ठभाग ७० अंशांच्या आसपास जाऊ शकतो. वर्षानुवर्षे असे तापल्यावर कारखान्यात मिसळलेली संरक्षक द्रव्ये संपत जातात. म्हणून जुन्या गाडीचा तडा हा अनेकदा धक्क्याचा कमी आणि वयाचा जास्त असतो.

जोडण्याआधी हे वय तपासावे. तड्याच्या कडेवरून धारदार पात्याने पातळ कीस काढावा. लाकडाच्या भुशासारखी वळलेली पट्टी निघाली तर प्लास्टिकमध्ये अजून जीव आहे. भुगा पडला तर तो भाग थकलेला आहे. आज जोडला तर काही दिवसांनी जोडाच्या शेजारी नवा तडा जाईल. तिथे पैसे घालू नयेत.

दुसरा प्रश्न प्लास्टिकच्या जातीचा. बहुतेक भागांच्या मागच्या बाजूला दोन कोनदार खुणांमध्ये रोमन अक्षरे छापलेली असतात. ‘पीपी’ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. बंपर बहुधा याचेच, रबरासारखे द्रव्य आणि शंखजिरे मिसळून केलेले. ‘टी२०’ असे पुढे असेल तर त्यात २० टक्के शंखजिरे आहे. ‘एबीएस’ हे जाळ्या आणि आतल्या पट्ट्यांमध्ये आढळते. ‘पीए६६-जीएफ३०’ म्हणजे ३० टक्के काचतंतू घातलेले नायलॉन. खूण सापडली नाही तर छोटा तुकडा पाण्यात टाकून पाहतात. तरंगला तर तो पॉलिप्रॉपिलीनचा असण्याची शक्यता मोठी. बुडाला तर मात्र निर्णय होत नाही, कारण शंखजिरे भरपूर असलेले पॉलिप्रॉपिलीनही बुडते.

जात ओळखण्याचा आग्रह का? कारण इथेच निम्मी कामे बिघडतात. फेव्हिक्विकसारखा झटपट गोंद पॉलिप्रॉपिलीनला नीट धरतच नाही. या प्लास्टिकचा पृष्ठभाग तेलकट कागदासारखा असतो. गोंद त्यावर पसरत नाही. त्या गोंदावर खायचा सोडा टाकून तो क्षणात कडक करण्याची युक्ती सर्वांना ठाऊक आहे. पण त्यात उष्णता आणि डोळ्यांना झोंबणारी वाफ निघते. हाच गोंद सुती फडक्यावर सांडला तर फडके इतके तापते की कातडी भाजू शकते. एबीएसचे वेगळे. ते अ‍ॅसिटोनमध्ये विरघळते, म्हणून त्याच्याच तुकड्यांचा घट्ट लगदा करून तडा भरता येतो. पॉलिप्रॉपिलीनवर अ‍ॅसिटोनचा असा काही उपयोग नाही.

बंपरसाठी खरी पद्धत वेल्डिंगची. तड्याच्या टोकाला सुमारे तीन मिलिमीटरचे छिद्र पाडले की ताण एका बिंदूवर साचत नाही आणि तडा पुढे सरकत नाही. मग साबणाने स्वच्छ धुऊन, इंग्रजी ‘व्ही’सारखी खाच करून, त्याच जातीची प्लास्टिकची काडी गरम हवेने वितळवून भरायची. पॉलिप्रॉपिलीन साधारण १६० ते १६५ अंशांना वितळते. दोन्ही कडा वितळल्या की त्यांच्या साखळ्या एकमेकींत गुंततात आणि जोड एकजीव होतो. मागून बारीक गंजरोधक जाळी बसवली तर तो आणखी टिकतो. नुसत्या सोल्डरिंग आयर्नने वरवर चोळून पोटीन मारलेला जोड दिसायला गुळगुळीत असतो, पण पहिल्याच खड्ड्यात उघडतो.

आता नकाराची यादी. रेडिएटरच्या काळ्या टाक्या बहुधा काचतंतूंच्या नायलॉनच्या असतात. गाडी चालू असताना आत साधारण एक वातावरणाइतका जादा दाब आणि शंभर अंशांच्या आसपासचे पाणी असते. नांदेडहून लोहा, अहमदपूर, चाकूर करत लातूरला निघालेल्या गाडीची एम-सील लावलेली टाकी वाटेत फुटली, तर इंजिन बसतेच, शिवाय बॉनेट उघडणाऱ्याच्या तोंडावर उकळते पाणी उडते. इथे बोअरच्या पाण्याचाही दोष आहे. मराठवाड्याच्या काळ्या खडकातले पाणी बहुतेक ठिकाणी जड असते. ते रेडिएटरमध्ये ओतत राहिले की क्षार साचतात, गाडी तापते आणि टाकीवरचा ताण वाढतो. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागलेल्या लातुरात पाण्याचा प्रत्येक थेंब मोलाचा, हे खरे. तरीही रेडिएटरमध्ये कूलंट आणि बॅटरीत घालतो ते शुद्ध पाणीच जावे.

ब्रेक ऑइलची बाटली, रेडिएटरच्या पंख्याचे पाते, सीटबेल्टचे कुलूप आणि एअरबॅगवरचे झाकण हे भागही जोडू नयेत. पाते जोडले तर तोल बिघडतो आणि वेगात तुकडा सुटतो. एअरबॅगचे झाकण ठरलेल्या रेषेवरच फाटावे लागते. जोडलेले झाकण नको तिथे फाटते. नियम सोपा आहे. भाग तुटला तर गाडी कुरूप दिसणार असेल, तर जोडावा. भाग तुटला तर माणूस जखमी होणार असेल, तर बदलावा.

आणि ज्याच्या हातून हे काम होते, त्याचे काय? प्लास्टिक नुसते वितळले तर धूर थोडा; करपले तर जास्त. पॉलिप्रॉपिलीन करपल्यावर फॉर्माल्डिहाइडसारखे डोळे-घसा जाळणारे वायू निघतात. एबीएसमधून स्टायरीन निघते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१८ मध्ये स्टायरीनला ‘संभाव्य कर्करोगकारक’ गटात टाकले. एबीएसचाच दुसरा घटक, अ‍ॅक्रिलोनायट्राइल, २०२४ मध्ये निश्चित कर्करोगकारक ठरला. पॉलियुरेथेन तापवले तर निघणाऱ्या आयसोसायनेटमुळे दमा जडू शकतो, आणि एकदा जडला की नंतर थोड्याशा वाफेनेही त्रास होतो. एक बंपर जोडल्याने कोणी आजारी पडेल असे नव्हे. पण पत्र्याच्या शेडमध्ये रोज, वर्षानुवर्षे वाकून हेच काम करणाऱ्या मिस्त्रीचा आणि शेजारी उभ्या असलेल्या शिकाऊ पोराचा हिशेब वेगळा आहे.

नाकावर बांधलेला रुमाल या वायूंना अडवत नाही. एन-९५ मास्क घासकामाची धूळ रोखतो, वायू नाही. त्यासाठी कोळशाची डबी असलेला मास्क लागतो. तो नसेल तर किमान काम उघड्यावर, वाऱ्याची दिशा पाहून करावे. तापमान नेमके ठेवता येणारी हॉट एअर गन वापरावी. प्लास्टिक तपकिरी होऊ लागले की उष्णता जास्त झाली. टाकाऊ तुकडे जाळू नयेत.

हे ज्ञान अवघड नाही, पण ते उस्तादाकडून शागिर्दाकडे तोंडी जाते आणि त्यात रसायनशास्त्र गळून पडते. छत्रपती संभाजीनगरात प्लास्टिक तंत्रज्ञान शिकवणारी ‘सिपेट’ ही केंद्रीय संस्था आहे, नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आहे, दोन्ही जिल्ह्यांत आयटीआय आहेत. गॅरेजमधल्या कामगारांसाठी त्यांनी मिळून दोन-तीन दिवसांचा वर्ग घेतला तर मोठी गोष्ट होईल: प्लास्टिकच्या खुणा कशा वाचायच्या, कोणता भाग नाकारायचा, धुरापासून कसे वाचायचे. मोटार मालकानेही आपला वाटा उचलावा. घासाघीस करून शंभर रुपये वाचवण्यापेक्षा हे कोणते प्लास्टिक आहे आणि जोडणार कसे, हे दोन प्रश्न विचारावेत. आणि मिस्त्री एखादा भाग जोडायला नकार देत असेल, तर दुसरे गॅरेज शोधू नये. तो नकार गाडीत बसणाऱ्यांच्या भल्याचा असतो.